ज्यांचा पाय काही सांगत नाही त्यांची चप्पल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही चालण्याच्या बुटांवर पानभर लेख छापलात, तो मी दोनदा वाचला. लेख चांगला आहे, कुठला फोम कशासाठी, टाचेखाली जाडी का लागते, सगळं नीट समजावलंय. पण शेवटी एक वाक्य आहे की कुणाच्याही सल्ल्यापेक्षा आपल्या पायाचं ऐका, बूट चांगला का वाईट ते पायच सांगेल. ते वाक्य वाचलं आणि मी पेपर बाजूला ठेवला. माझ्या आईचा पाय काहीच सांगत नाही. गेली पाच-सहा वर्षं सांगत नाही. आणि अशी माझी आई एकटीच नाही, २०२३ मधे आयसीएमआरचा मोठा अभ्यास आला त्यात देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे असं निघालं, आणि ज्यांची शुगर वर्षानुवर्षं वर राहते त्यांच्यात बऱ्याच जणांच्या पायाची जाणीव जायला लागते, आधी मुंग्या, मग कापसावर चालल्यासारखं, मग काहीच नाही. अशा माणसाने पायात काय घालायचं ह्यावर लेखात एक ओळसुद्धा नव्हती, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, जागा नसेल तर माझ्या घरचं कापा पण चपलेचं कापू नका.

मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आई ६७ वर्षांची, शुगर १५ वर्षांपासून. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं म्हणून मी तिला हौसेने भारीतले वॉकिंगचे बूट आणले, दुकानात आत अंगठ्याने दाबून बघितलं तर नुसती गादी, म्हटलं हिच्या पायाला बरं वाटेल. घालून बघ म्हटलं, कसे आहेत विचारलं, तर म्हणाली "लई मऊ हायत गं." मी एवढ्या आशेने विचारतेय म्हणून ती तसं म्हणाली, खरं तर मऊ काय आणि दगड काय तिला काही कळतच नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं. दीड महिन्याने एक दिवस ती सकाळी फिरून आली आणि दारापासून मोरीपर्यंत फरशीवर लाल ठिपके. बूट काढून उपडा केला तर आतून चिंचोका पडला, पोरांनी खेळता खेळता टाकला असणार. पाऊण तास ती त्या चिंचोक्यावर चालली होती, अंगठ्याखाली भोक पडलं होतं, मोजा भिजला होता, आणि ती फरशीकडे बघून मलाच विचारते, "कुणाला लागलं गं?"

ती जखम भरायला दोन महिने गेले. भरली, आम्ही सुटलो म्हटलं. पण चार महिन्यांनी बरोब्बर त्याच जागी परत फुटलं आणि ह्यावेळी चिंचोका नव्हता, काटा नव्हता, खिळा नव्हता, मी रोज बूट झटकून देत होते. त्या जागेवर घट्टा झाला होता तो मी बघितला होता पण घट्ट्याला कोण मनावर घेतं, आपल्याकडे शेतात काम करणाऱ्या प्रत्येक बाईच्या पायाला घट्टे असतात. आता कळतंय की जाणीव गेलेल्या पायाला घट्टा म्हणजे धोक्याची खूण, तिथे भार जास्त पडतोय म्हणून कातडी जाड होते, ती जाड कातडी परत आतल्या मांसाला खड्यासारखी टोचते, आणि वरून सगळं सुकं दिसतं तेव्हा खाली जखम तयार झालेली असते. पू हाडापर्यंत गेला होता. उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला.

त्यानंतर कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही सोलापूरला एका दवाखान्यात गेलो, तिथे पायांचा वेगळा विभाग आहे आणि मागच्या खोलीत चपला बनवणारे एक वयस्कर काका बसतात. त्यांनी आईला बूट कसे आहेत वगैरे विचारलंच नाही. एक रबराची चटई काढली, तिच्यावर बारीक उंच-सखल रेघा, त्याला शाई लावली, वर कागद टाकला आणि म्हणाले, मावशी, नेहमी चालता तसं ह्याच्यावरनं एक पाऊल टाकून पुढे जा. कागद उलटला तर पायाचा ठसा, पण साधा नाही, जिथे भार कमी तिथे फिकट जाळी, जिथे जास्त तिथे गडद. मधला खळगा कोरा, टाच करडी, आणि चवड्याला, अंगठा काढला त्याच्या शेजारी, एक काळाकुट्ट डाग रुपयाएवढा. काकांनी त्या डागावर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "ताई, पुढची जखम इथं व्हणार हाय. आपल्याला हा डाग फिका करायचाय, बास, चप्पल म्हंजे एवढंच काम."

मी १५ वर्षं आईची शुगर बघतेय, इतकी सरळ गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती. चालताना टाच टेकते आणि मग चवड्यावर जोर देऊन पाय उचलतो तेव्हा पायावर अंगाच्या वजनापेक्षा थोडा जास्तच भार येतो. आईचं वजन ६२ किलो. हा भार सगळ्या तळव्यावर पसरला तर काही होत नाही, तोच रुपयाएवढ्या जागेवर आला तर होतं. आणि शुगरने नसा गेल्या की पायातले छोटे स्नायूसुद्धा दुबळे होतात, बोटं वाकडी होऊन आत वळतात, चवड्याची हाडं खाली उतरतात आणि त्यांच्याखाली असलेली चरबीची गादी पुढे सरकते, म्हणजे जिथे गादी सगळ्यात जास्त लागते तिथूनच ती जाते.

ह्या चपलेमागची गोष्ट मी नंतर वाचून काढली आणि ती आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं कारण ती आपल्याच देशात घडलीये. डॉ. पॉल ब्रँड म्हणून सर्जन होते, इंग्रज मिशनरी आईबापांचा मुलगा, जन्म १९१४ चा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. १९४६ मधे ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांच्या हातापायाकडे बघायला लागले. त्या काळी डॉक्टर लोकांचीही अशीच समजूत होती की कुष्ठरोगात मांसच कुजतं, बोटं आपोआप झडतात, त्याला इलाज नाही. ब्रँड आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी एकेका जखमेचा माग काढला, ही कशाने झाली, ती कशाने झाली, आणि लक्षात आलं की मांस तुमच्या-आमच्यासारखंच आहे, गेलंय ते दुखणं. गरम भांडं हाताने उचललं तरी कळत नाही, रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडून जातात तरी कळत नाही, म्हणून त्यांनी बरं होऊन घरी जाणाऱ्या पेशंटबरोबर मांजर द्यायला सुरुवात केली. मला हे वाचताना आमच्या फरशीवरचे ठिपके डोळ्यापुढे येत होते.

पण हाताच्या जखमा थांबल्या तरी पायाच्या थांबेनात. भाजलं नाही, कापलं नाही, तरी तळव्याला फुटायचंच, आईसारखं. मग लक्षात आलं की हे नुसत्या चालण्याने होतंय. तुमचा माझा पाय धड असतो म्हणजे काय, तर दोन किलोमीटर चालून चवडा हुळहुळला की आपण नकळत भार टाचेवर घेतो, पाऊल थोडं तिरकं टाकतो, चपलेत बोटं हलवतो, कुठेतरी कट्ट्यावर टेकतो. आपण ठरवून करत नाही हे, पाय आतून सांगत असतो आणि आपण ऐकत असतो. ज्याचा पाय मुका झाला तो पहिलं पाऊल जसं टाकतो तसंच पाच हजारावं टाकतो, त्याच हाडावर, त्याच कातडीवर. १९६६ मधे ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यात कार्व्हिलच्या कुष्ठरोग हॉस्पिटलला गेले, तिथे त्यांनी उंदरांच्या सुन्न केलेल्या तळपायावर मशीनने रोज हजारो वेळा हलका दाब दिला, एका दाबाने काहीच होणार नाही इतका हलका, तर दोन-तीन दिवसात पाय सुजून लाल आणि पुढे जखम. तेच दाब कमी वेळा दिले आणि मधे सुट्टी ठेवली तर जखम झाली नाही, उलट कातडी जाड झाली. तिथेच त्यांनी मधुमेहाचे पाय बघितले आणि हे तर कुष्ठरोग्यासारखंच आहे हे त्यांनी सांगायला सुरुवात केली. आजार वेगळा, पाय तोच.

त्याआधी वेल्लोरला असतानाच त्यांनी लाकडाच्या, प्लास्टिकच्या, नाना तऱ्हेच्या चपला करून बघितल्या, आणि शेवटी जे टिकलं ते एमसीआर, मायक्रोसेल्युलर रबर. रबरात लाखो बारीक बंद बुडबुडे असतात, एकाची हवा दुसऱ्यात जात नाही, त्यामुळे दाबलं की दबतं आणि सोडलं की लगेच वर येतं. आपल्या टाचेखाली देवाने जी गादी दिलीये तीसुद्धा अशीच आहे, दीड-दोन सेंटीमीटर जाड, चरबीचे छोटे छोटे बंद कप्पे, वय वाढलं की ती कडक होते.

इथे मला तुमच्या लेखातल्या एका गोष्टीवर स्पष्ट बोलायचंय. मऊ म्हणजे चांगलं असं लोक धरून चालतात, मीही धरलं होतं. दुकानात अंगठा रुतला की आपण खूश. पण चालताना एकच पाय साधारण दर सेकंदाला जमिनीवर पडतो. जो फोम दाबल्यावर हळूहळू डुलत वर येतो, जाहिरातीत ज्याचं फार कौतुक असतं, तो पुढचं पाऊल पडेपर्यंत वर आलेलाच नसतो, म्हणजे दुकानात उभं राहून गादी आणि रस्त्यावर चालताना पुठ्ठा. फार मऊ असेल तर वजनाने पार तळाला टेकतो आणि मग खालच्या कडक सोलवरच हाड आपटतं. आईचे बूट मी नंतर ब्लेडने उभे कापून बघितले, चवड्याखाली फोम बसून वहीच्या पुठ्ठ्याएवढा झाला होता. काकांनी जे एमसीआर लावलं ते हाताला त्या बुटाइतकं मऊ लागलंच नाही, पण आठ महिन्यांनी त्या चपलेची जाडी मोजली तर अगदी थोडीशीच कमी झालेली.

चप्पल कशी केली तेही सांगते, म्हणजे कुणाला करून घ्यायची असेल तर बघता येईल. वरचा सुखतळा एमसीआरचा, तो ठशाच्या कागदावरून कापलेला, मधल्या खळग्याला थोडा उंचवटा दिलेला, म्हणजे जो भाग कोरा होता त्याने पण थोडा भार उचलायचा. काळ्या डागाच्या खाली थोडा खोलगट. त्याच्याखाली कडक रबराचा सोल, आणि तो कडकच पाहिजे, आमच्याकडे बाभळीचा काटा साध्या हवाई चपलेतून आरपार येतो. सोल पुढे होडीसारखा किंचित वर वळवलेला, म्हणजे पाऊल उचलताना बोटांपाशी वाकायला नको, पाय आपोआप पुढे लोळतो आणि चवड्यावरचा जोर वाचतो. आत एकही खिळा नाही, सगळं शिवून आणि सोल्युशन लावून चिकटवलेलं, कारण सोल झिजला की खिळा वर येतो आणि अशा पायाला तो कळत नाही. पट्टे रुंद, आतून मऊ कातडं, वेल्क्रोने सैल-घट्ट होणारे कारण संध्याकाळी पाय सुजतो. टाचेमागे पट्टा हवाच. बोटात अडकवायचा अंगठा नको, अंगठ्याची चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि जाणीव गेलेल्या माणसाची चप्पल चालता चालता निघून पडते तरी तो तसाच चालत राहतो. (आईची एकदा आठवडी बाजारात पडली होती, घरी येईपर्यंत तिला पत्ता नव्हता.) पहिल्या दिवशी तासभरच घालायला सांगितली, मग काढून पाय बघायचा, कुठे लाली राहिलीये का, असली तर परत आणायची. एवढं सगळं करून किंमत माझ्या त्या बुटांच्या पाव.

आणि एवढं सगळं करून आईने ती घातली नाही.

कोपऱ्यात ठेवून दिली. मी रागावले, भांडले, शेवटी एकदा रात्री म्हणाली, "ती महारोग्याची चप्पल हाय. मी पोरसवदा व्हते तवा आमच्या गावाबाहेर एक म्हातारा ऱ्हायचा त्याच्या पायात आसलीच व्हती. मला नगं. लोक काय म्हन्तील." मला काय बोलावं सुचलं नाही. तिचं चुकीचं होतं असं मी म्हणू शकत नाही, कुष्ठरोगाच्या सरकारी कार्यक्रमात पायाची जाणीव गेलेल्यांना ही एमसीआर चप्पल मोफत मिळते आणि ती चांगलीच गोष्ट आहे, पण वर्षानुवर्षं ती एकाच तऱ्हेची, एकाच बोजड आकाराची बघून लोकांच्या मनात ती पक्की बसलीये. चप्पल पायाला वाचवते पण अंगणात काढून ठेवली की शेजारणीला सांगते. जी चप्पल लाजेने कोपऱ्यात पडून राहते ती फुकट दिली तरी वाया. डिझाइन डिझाइन म्हणतात ते मला तर इथेच लागतं असं वाटतं. मी परत सोलापूरला गेले, काकांना सांगितलं, त्यांना वाईट वाटलं नाही, म्हणाले हे नेहमीचंच. मग आम्ही दोघांनी बसून पट्टे बदलले, तपकिरी चामडं, वर कोल्हापुरीला असते तशी वेणी, पण नुसती दिसायला, आतून सगळं तेच. सोलच्या कडेला एमसीआरची जी फिकट पट्टी दिसते तिला चामड्याच्या रंगाचा काठ लावला. आईने हातात घेतली, उलटीसुलटी केली, म्हणाली "ही बरी हाय." आज चौदा महिने झाले, पाय फुटलेला नाही.

मापाबद्दल पण एक सांगायचंय. आपल्याकडचे पाय पुढे रुंद असतात आणि बाजारातले बूट इंग्लंड-युरोपच्या मापाचे, म्हणून रुंदी मिळावी यासाठी आपण एक नंबर मोठा घेतो, मग बूट लांब होतो, पाय आत पुढे-मागे घासतो आणि बूट जिथे वाकतो तिथे पाय वाकत नाही. चेन्नईच्या सीएलआरआय ह्या चामड्यावर काम करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थेने २०२१-२२ मधे देशभर एक लाखाच्या वर लोकांचे पाय मोजले आणि त्यावरून 'भ' नावाची भारतीय मापं सुचवली. ती खरोखर दुकानात यावीत, आणि येतील तेव्हा बुटाची खोली पण बघावी, वाकड्या बोटांना वरून जागा लागते, ह्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

आता माझं मागणं. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ज्या दिवशी शुगरचे पेशंट येतात त्या दिवशी त्यांचे बूट-मोजे काढून पाय बघितले जावेत. त्याला मशीन लागत नाही, एक नायलॉनचा धागा असतो, १० ग्रॅम जोर पडला की वाकणारा, तो तळव्याला चार-पाच ठिकाणी टेकवायचा आणि पेशंटने डोळे मिटून सांगायचं कळलं का. ज्याला कळत नाही त्याला त्याच दिवशी चपलेची चिठ्ठी. आईची शुगर १५ वर्षं तपासली, पाय एकदाही नाही. आणि कुष्ठरोग्याला जशी एमसीआर मिळते तशी जाणीव गेलेल्या मधुमेहीला पण मिळावी, पाय तोच आहे मग चप्पल वेगळी का.

दुसरं म्हणजे ती बनवायची कुणी. तालुक्याला एस.टी. स्टँडजवळ गटई कामगारांचे, म्हणजे चपला-बूट शिवणाऱ्यांचे, स्टॉल आहेत, ती माणसं चामडं हाताने ओळखतात, बोटांनी मापं घेतात, त्यांना एमसीआरचा पत्रा मिळवून दिला आणि ठसा घ्यायला, खिळ्याऐवजी शिवायला शिकवलं तर सोलापूर-पुण्याला जायची गरजच नाही. आमच्या इथल्या स्टँडवरच्या दादांना मी आईची चप्पल दाखवली होती, त्यांनी पाच मिनिटं निरखून बघितली आणि म्हणाले, हे मी करतो की, माल कुठं मिळतो तेवढं सांगा. माल आमच्याकडे मिळत नाही. मी सोलापूरहून आणून देते, सध्या गावातल्या तिघींना त्यांनी करून दिलीये.

आणि एक विनंती तुम्हाला, संपादक म्हणून. आता नवरात्र जवळ आलंय. आमच्या भागात नऊ दिवस अनवाणी राहायची रीत आहे, आणि कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला लाखो माणसं चालत जातात, त्यात साठीच्या पुढच्या बायका किती असतात हे तुम्ही दरवर्षी फोटोत छापताच. आई पण जायची. ह्यावेळी देवीला हात जोडून घरीच थांबेन म्हणालीये. श्रद्धेला मी हात लावत नाहीये, पण तापलेल्या डांबरावर पाय भाजला तरी ज्याला कळणार नाही त्याच्या घरच्यांना तरी आधी माहीत असू दे. घटस्थापनेच्या आत पाव पान द्या, एक चित्र छापा, रात्री झोपताना आरसा खाली धरून तळवा कसा बघायचा, हाताची उलटी बाजू लावून कुठे गरम लागतंय का ते कसं बघायचं (जखम व्हायच्या आधी ती जागा बाकी पायापेक्षा गरम होते), आणि चप्पल घालायच्या आधी उपडी करून झटकायची. चित्र काढायला माणूस नसेल तर आमच्या शाळेतली सातवीतली मुलं काढून देतील, मी त्यांना हे सगळं शिकवलंय.

आपली,
एक शिक्षिका, बार्शी तालुका (जि. सोलापूर)